उजेडाला आकार देणारी काच

मेणबत्तीच्या उजेडात पुस्तकाचं एक पान वाचून पाहावं. अक्षरं लागतात, पण डोळे बारीक करावे लागतात आणि पान ज्योतीजवळ न्यावं लागतं. साध्या मेणबत्तीचा उजेड असतो सुमारे १२ ल्युमेन. तारेचा ६० वॅटचा बल्ब देतो सुमारे ७०० ल्युमेन. म्हणजे एका बटणासरशी खोलीत साठेक मेणबत्त्या पेटतात. एवढा उजेड एका ठिपक्यातून आला की तो डोळ्यांना सोसत नाही. उघड्या बल्बाकडे पाहिलं की नजर आपोआप खाली जाते.

काचेच्या दिव्यांचा इतिहास समजून घ्यायला हे दोन आकडे पुरेसे आहेत. मेणबत्तीच्या काळात उजेड कमी पडायचा, म्हणून काचेला तो वाढवावा लागे. विजेच्या काळात तो जास्त झाला, तेव्हा काचेला तो निववावा लागला. पहिल्या गरजेतून लोलकांचं झुंबर आलं, दुसरीतून दुधी काचेचा गोळा. या दोन्ही कामांत ज्या प्रदेशाचा हात धरणारे जगात विरळाच, तो म्हणजे आजच्या चेक प्रजासत्ताकाचा उत्तरेकडचा डोंगराळ भाग, जुना उत्तर बोहेमिया.

दुसऱ्या महायुद्धानंतरच्या वीस-पंचवीस वर्षांत तिथल्या कलावंतांनी याच्या पुढचा प्रश्न विचारला. काच आजवर उजेडाची चाकरी करत आली. आता काचेलाच उजेडाचं घर करता येईल का? त्या प्रश्नाची आणि त्याचं उत्तर घडवणाऱ्या हातांची ही हकीकत आहे.

प्राखेनचं झुंबर

प्रागच्या उत्तरेला, जर्मनीच्या सीमेपासून जवळ, प्राखेन नावाचं लहान गाव आहे. गावाला लागून पान्स्का स्काला ही टेकडी. लाव्हारस थंड होताना तयार झालेले बेसॉल्टचे कोनदार खांब तिथे एकमेकांना खेटून उभे आहेत. या प्राखेनमध्ये १७२४ साली योसेफ पाल्मे याने झुंबरं बनवायला सुरुवात केली. शेजारचं कामेनित्स्की शेनोव्ह आणि काही किलोमीटरवरचं नोवी बोर ही गावं पुढे काचकामाची माहेरघरं झाली.

हा धंदा इथेच का रुजला? काचेला तीन गोष्टी लागतात: वाळू, ती वितळवायला आग आणि ती लवकर वितळावी म्हणून क्षार. बोहेमियाच्या डोंगरांत बीचची दाट जंगलं होती. त्यांच्या लाकडावर भट्ट्या पेटत आणि त्याच लाकडाच्या राखेतून पोटॅश हा क्षार मिळे. सतराव्या शतकाच्या अखेरीस तिथल्या काचकारांनी या मिश्रणात खडूची भुकटी घालायला सुरुवात केली. त्यातून पाण्यासारखी नितळ आणि चांगली कठीण काच मिळाली. तिच्यावर सहाणेने धारदार पैलू पाडता येत, नक्षी कोरता येई.

झुंबराचं सगळं कसब या पैलूत आहे. लोलकाच्या एका पैलूतून आत शिरलेला किरण दुसऱ्यातून वळून बाहेर पडतो आणि वळताना त्याचे सात रंग वेगळे होतात. शेकडो लोलक टांगले की एकाच ज्योतीची शेकडो प्रतिबिंबं खोलीभर विखुरतात. हवेच्या झुळकीने ज्योत हलली की ती सगळी एकदम लुकलुकतात. उजेड मोजायला गेलं तर वाढलेला नसतो, पण डोळ्यांना दालन उजळल्यासारखं वाटतं. मारिया थेरेसा १७४३ साली प्रागमध्ये बोहेमियाची राणी म्हणून अभिषिक्त झाली. तिच्या नावाने ओळखली जाणारी झुंबराची घडण आजही बनते. धातूच्या चपट्या पट्टीला बाक देऊन तिच्यावर दोन्ही बाजूंनी काचेच्या पट्ट्या बसवायच्या, सांध्यावर काचेची फुलं लावायची, म्हणजे सगळा सांगाडा काचेचाच भासतो.

एक झुंबर अनेक घरांतून पूर्ण होई. भट्टीवर काच फुंकली जाई, पैलू पाडणारा वेगळा, कोरणारा वेगळा, पितळेच्या तारेत लोलक ओवणाऱ्या बायका आपापल्या घरी बसून काम करत. कसब बापाकडून मुलाकडे जाई. त्याला शाळेची जोड मिळाली ती १८५६ साली. कामेनित्स्की शेनोव्हला त्या वर्षी निघालेली काचशाळा युरोपातल्या सर्वांत जुन्या काचशाळांमध्ये गणली जाते. नोवी बोरची शाळा १८७० ची आणि झेलेझनी ब्रोदची १९२० ची. या तीन शाळांची नावं लक्षात ठेवावीत, कारण पुढच्या सगळ्या हकीकतीचा कणा त्याच आहेत.

या प्रदेशाशी आपलाही एक जुना संबंध आहे, पण तो दिव्यांचा नाही. जवळच्या याब्लोनेत्स गावचे व्यापारी एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून भारतातल्या बाजारासाठी काचेच्या बांगड्या बनवून घेत. पहिल्या महायुद्धापूर्वी भारतात येणाऱ्या काचेच्या बांगड्यांत ऑस्ट्रिया-हंगेरीच्या मालाचा वाटा मोठा होता आणि बोहेमिया तेव्हा त्याच साम्राज्यात होता. आपल्याकडच्या कासारांनी भरलेल्या कित्येक बांगड्यांची काच याच डोंगरातल्या भट्ट्यांमधली.

गाव रिकामं होतं तेव्हा

१९३८ च्या म्युनिक करारानंतर चेकोस्लोव्हाकियाचा हा सीमाभाग हिटलरच्या जर्मनीला जोडला गेला. तिथली बहुसंख्य वस्ती जर्मन भाषिक होती. कामेनित्स्की शेनोव्हचं जर्मन नाव श्टाइनशोनाऊ, नोवी बोरचं हायडा, याब्लोनेत्सचं गाब्लोन्झ. युद्ध संपल्यावर चेकोस्लोव्हाकियातल्या सुमारे ३० लाख जर्मन भाषिकांना देश सोडावा लागला. त्यांत पिढ्यानपिढ्या काच फुंकणारे, पैलू पाडणारे, झुंबरं जोडणारे हजारो कारागीर होते. याब्लोनेत्सहून गेलेल्यांनी बव्हेरियात काउफबोयरेनजवळ नवी वसाहत उभारली आणि तिला नाव दिलं नोय-गाब्लोन्झ, म्हणजे नवं याब्लोनेत्स. गावाचं नाव आणि हातातलं कसब एवढीच शिदोरी त्यांच्याजवळ उरली होती.

मागे राहिल्या रिकाम्या कार्यशाळा. भट्टी पेटवता येणाऱ्या काही कुशल जर्मन कारागिरांना सरकारने थांबवून घेतलं, कारण त्यांच्यावाचून काम चालणारच नव्हतं. बाकीची पोकळी भरून काढायला प्रागहून तरुण चेक कलावंत आले. १९४५ साली रेने रोउबिचेक हा तेविशीतला तरुण कामेनित्स्की शेनोव्हच्या शाळेत शिकवायला आला. त्याच सुमारास स्तानिस्लाव्ह लिबेन्स्की नोवी बोरच्या शाळेत रुजू झाला. दोघेही चित्रकलेची दृष्टी घेऊन आले होते आणि दोघांनाही काचेचं काम जुन्या कारागिरांच्या शेजारी उभं राहून शिकावं लागलं. शिकता शिकता ते शिकवत होते. एका समाजाच्या हातून दुसऱ्या समाजाच्या हाती कसब गेलं ते असं, अन्यायाच्या आणि दुःखाच्या सावलीत. चेक काचेचा वारसा सांगताना हे पान गाळून चालणार नाही.

खासगी कारखाने सरकारजमा झाले. त्यांतून मोठे राष्ट्रीय उद्योग उभे राहिले: नोवी बोरला बोर्स्के स्क्लो, कामेनित्स्की शेनोव्हला लुस्त्री (या शब्दाचा अर्थच झुंबरं), झेलेझनी ब्रोदला झेलेझनोब्रोदस्के स्क्लो. परदेशातली विक्री १९४८ पासून स्क्लोएक्स्पोर्ट या एकाच सरकारी संस्थेकडे गेली.

चित्राला बंदी, काचेला मुभा

१९४८ साली कम्युनिस्ट सत्ता आली आणि कलेवर समाजवादी वास्तववादाचा पहारा बसला. चित्रात कामगार दिसला पाहिजे, शिल्पात शेतकरी दिसला पाहिजे. अमूर्त चित्र काढणाऱ्याला प्रदर्शनाची दारं बंद झाली. काचेकडे मात्र पहारेकऱ्यांची नजर कमी गेली. फुलदाणी, पेला, दिवा या उपयोगाच्या वस्तू. त्यांच्यात राजकीय विचार कोण शोधणार? दुसरं असं की काच परदेशात विकली जाई आणि तिचे डॉलर आणि पौंड येत. सरकारला ते हवेच होते.

त्यामुळे जे कॅनव्हासवर करता येत नव्हतं ते कलावंत काचेत करू लागले. कारखान्यांनी आकृतिकार म्हणून त्यांना पगारावर नेमलं. भट्टीशेजारी उभं राहून, कारागिराला हाताने खुणा करत, आकार वितळलेल्या काचेत पाहायची सोय इतर देशांतल्या फार थोड्या कलावंतांना होती. चेक काचेचं सोनेरी पर्व घडलं ते या दोन गोष्टींच्या गाठीतून: एकीकडे दोनशे वर्षांचं कसब, दुसरीकडे अन्यत्र कुठे वाट न मिळालेली प्रतिभा.

ब्रुसेल्स, १९५८

जगाला याचा पत्ता लागला तो १९५८ सालच्या ब्रुसेल्सच्या जागतिक प्रदर्शनात. फ्रान्तिशेक त्सुब्र, योसेफ ह्रुबी आणि झ्देनेक पोकोर्नी या वास्तुरचनाकारांनी उभारलेल्या चेकोस्लोव्हाकियाच्या दालनाला सर्वोत्कृष्ट दालनाचा सुवर्णतारा मिळाला. रोउबिचेकने त्यात फुंकलेल्या काचेचे तुकडे, नळ्या आणि धातू यांची एक भली मोठी अमूर्त रचना उभी केली होती. तिला ग्रां प्री मिळाली. त्या रचनेत पाणी ठेवायला जागा नव्हती की फूल खोवायला. ती नुसती काच होती आणि तिच्यातून जाणारा उजेड.

त्याच दालनात लिबेन्स्की आणि यारोस्लावा ब्रिख्तोवा यांनी काचेचे ओतीव दगड काँक्रीटच्या भिंतीत बसवले होते. त्यांच्यावर गुहाचित्रांतल्यासारखे प्राण्यांचे आकार होते. या दोघांनी लावलेला शोध साधा आणि खोल आहे. साच्यात काचेचे तुकडे भरायचे, भट्टीत ते वितळवायचे आणि मग फार सावकाश, मोठ्या वस्तूला आठवडेच्या आठवडे देऊन, निववायचे. वस्तू जिथे पातळ तिथे रंग फिका आणि उजळ दिसतो, जिथे जाड तिथे गडद. एकाच रंगाची काच, पण जाडी बदलत नेली की तिच्या पोटात उजेड-सावलीचं चित्र उमटतं. सकाळी ते एक असतं, संध्याकाळी दुसरं. काचेला उजेडाचं घर करता येतं, हे या दगडांनी दाखवून दिलं.

ब्रुसेल्सहून परतलेली ही नवी दृष्टी देशभर पसरली. तिरके पातळ पाय, एका बाजूला झुकलेले आकार, पिवळा, पिस्ता, कोरल असे हलके रंग. चेक लोक या घडणीला आजही ‘ब्रुसेल्स शैली’ म्हणतात. मूळ दालन प्रागच्या प्रदर्शन मैदानावर आणून पुन्हा उभारलं गेलं होतं. १९९१ साली ते आगीत जळालं.

बुटक्या छताखालचे दिवे

प्रदर्शनातली काच आणि लोकांच्या घरातली काच यांत अंतर असतं. चेकोस्लोव्हाकियात ते कमी झालं, याचं एक कारण घरं. १९५० च्या दशकाच्या मध्यापासून तिथे कारखान्यात ओतलेल्या काँक्रीटच्या तयार भिंती जोडून इमारती बांधायला सुरुवात झाली. या पानेलाक इमारतींतल्या खोल्या लहान आणि छतं बुटकी. मीटरभर लांबीचं झुंबर तिथे टांगलं तर डोक्याला लागेल. या घरांना छताला चिकटून बसणारा, भिंतीवर लावायचा, टेबलावर ठेवायचा दिवा हवा होता.

धातूच्या दिव्यांचं काम नापाको आणि लिदोकोव यांसारख्या उद्योगांनी आणि सहकारी संस्थांनी उचललं. योसेफ हूरका या आकृतिकाराने त्यांच्यासाठी केलेल्या दिव्यांना रंगीत पत्र्याच्या टोप्या आणि वाकवता येणारे देठ होते. अभ्यासाच्या टेबलावर उजेड हवा तिथे वळवता यावा, हा त्यांचा हेतू. काचेचे दिवे मुख्यतः कामेनित्स्की शेनोव्हहून येत. मोराव्हियातल्या वालाश्स्के मेझिर्झीची इथल्या कारखान्याचं नावच होतं ‘ओस्वेत्लोव्हात्सी स्क्लो’, म्हणजे प्रकाशासाठीची काच. ही नावं एरवी कुणाला ठाऊक नसत. दिव्यावर कागदी लेबल असे, ते वर्ष-दोन वर्षांत उष्णतेने सुटून पडे. आकृतिकाराचं नाव त्याच्यावर क्वचितच असे. त्यामुळे लाखो घरांतले हे दिवे आज बहुतांशी निनावी आहेत.

दुधी गोळा कसा होतो

त्या काळच्या छताच्या दिव्यांत सर्वांत साधा दिसणारा म्हणजे दुधी काचेचा गोळा. तो किती अवघड आहे ते भट्टीशेजारी उभं राहिल्यावर कळतं.

काच दुधी होते ती वितळलेल्या काचेत मिसळलेल्या फ्लोरिनच्या संयुगांमुळे. काच निवताना त्यांचे अतिसूक्ष्म स्फटिक तिच्या पोटात तयार होतात. प्रकाशकिरण त्यांच्यावर आपटून सगळ्या दिशांना पांगतो. त्यामुळे आतला बल्ब दिसत नाही आणि गोळ्याचा सगळा पृष्ठभाग सारखाच उजळतो. पण नुसत्या दुधी काचेचा जाड गोळा बराचसा उजेड स्वतःच गिळून टाकतो. पातळ केला तर तो नाजूक होतो. यावर उपाय म्हणून तीन थरांचा गोळा करतात: आत नितळ काच, मधे दुधी काचेचा पातळ पापुद्रा, बाहेर पुन्हा नितळ काच. दुधी थर उजेड पांगवतो, नितळ थर त्याला बळ देतात.

कारागीर सुमारे दीड मीटर लांबीच्या लोखंडी फुंकणीचं टोक भट्टीत बुडवतो. आतली काच १,१०० अंश सेल्सिअसच्या वर तापलेली, मधासारखी. फुंकणी फिरवत तो नितळ काचेचा लहानसा गोळा उचलतो आणि त्यात फुंकर घालून पहिला फुगा करतो. मग तोच फुगा दुधी काचेत बुडवून फिरवतो, त्यानंतर पुन्हा नितळ काचेत. या सगळ्या वेळात फुंकणी एक क्षणही थांबत नाही. थांबली तर काच स्वतःच्या वजनाने एका बाजूला लोंबते आणि थर जाडे-बारीक होतात.

आता साचा. तो बीचच्या किंवा पेअरच्या लाकडाचा असतो आणि कामापूर्वी पाण्यात भिजवून ठेवलेला असतो. तापलेली काच आत जाते, ओल्या लाकडातून वाफ उठते आणि काच व लाकूड यांच्यामध्ये वाफेचीच एक गादी तयार होते. कारागीर फुंकत असतो आणि काच साच्यात गोल गोल फिरवत असतो. त्यामुळे साच्याच्या दोन अर्धांमधला सांधा काचेवर उमटत नाही. जळत्या लाकडाचा वास, वाफेचा फुत्कार आणि काही सेकंदांत साच्यातून बाहेर येणारा नारिंगी गोळा. बघणाऱ्याला वाटतं, झालं काम.

काम अजून निम्मं उरलेलं असतं. गोळा उघड्यावर निवू दिला तर बाहेरची बाजू आधी आक्रसते, आतली नंतर, आणि या ओढाताणीत तो तडकतो. म्हणून त्याला ५०० अंशांच्या आसपासच्या वेगळ्या भट्टीत ठेवून तासन् तास सावकाश निववतात. तीनही थरांची काच तापल्यावर सारखीच प्रसरण पावणारी नसेल तर हा गोळा दहा दिवसांनी फळीवर ठेवल्या ठेवल्याही फुटू शकतो. काचेचं मिश्रण जुळवणारा रसायनतज्ज्ञ या कामात फुंकणाऱ्याइतकाच महत्त्वाचा असतो. शेवटी फुंकणीजवळचा भाग कापून काठ घासायचा आणि हवा असल्यास गोळा आम्लात बुडवून त्याची चकाकी घालवायची. मग त्याला रेशमासारखी मऊ झाक येते.

वारसा कशात आहे

१९८९ नंतर सरकारी कारखाने विकले गेले, त्यांतले काही बंद पडले. २००८ च्या जागतिक मंदीत नोवी बोरच्या मोठ्या काचउद्योगाला घरघर लागली आणि शेकडो कामगारांवर बेकारी आली. २०२२ साली युरोपात गॅसचे भाव भडकले तेव्हा पुन्हा तोच प्रसंग आला. काचेची भट्टी रात्री विझवून सकाळी पेटवता येत नाही. ती वर्षानुवर्षं अखंड जळते, मग त्या रात्री कुणी काच फुंकत असो वा नसो.

तरीही हा धंदा उभा आहे. लुस्त्रीचा वारसा आज प्रेसिओसा ही कंपनी चालवते. २००७ साली लेओन याकिमिच याने सुरू केलेली लास्वित कंपनी जगभरच्या हॉटेलांसाठी आणि सार्वजनिक इमारतींसाठी काचेच्या प्रकाशरचना बनवते. ब्रोकिस या कंपनीचे दिवे १८०९ पासून चालत आलेल्या यानश्तेइन इथल्या भट्टीवर फुंकले जातात. जुन्या पानेलाक घरांतले निनावी दिवे आता संग्राहक शोधत फिरतात.

जुने दिवे जपायलाच हवेत. पण दिवा फुटला तर नवा करता येतो. तो करणारे हात संपले तर आकृत्यांनी भरलेली कपाटं काही कामाची नाहीत. काच किती चिकट झाली की फुंकायची, साचा किती भिजवायचा, गोळा किती वेगाने फिरवायचा, हे कागदावर उतरत नाही. १९४५ नंतर हे कसब एका उद्ध्वस्त गावातून पुढच्या पिढीपर्यंत पोहोचलं, कारण तिथे शाळा होती आणि शिकवायला कुणी तरी उरलं होतं. चेक दिव्यांचा खरा वारसा या शिकवण्यात आहे.

डिसेंबर २०२३ मध्ये युनेस्कोने हाताने काच घडवण्याच्या कलेची मानवजातीच्या अमूर्त वारशाच्या यादीत नोंद केली. चेक प्रजासत्ताकासह फिनलंड, फ्रान्स, जर्मनी, हंगेरी आणि स्पेन या सहा देशांनी मिळून हा प्रस्ताव दिला होता. कामेनित्स्की शेनोव्हच्या १८५६ सालच्या शाळेत मुलं-मुली आजही काचेबरोबर दिव्यांची घडण शिकतात.